जो जो, तो तो

प्रश्न : मॅडम, मी एम.ए. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आहे. बी.ए.ला राज्यशास्त्र होतं, त्यामुळे तर्कशास्त्राशी पहिलीच गाठ. सत्यता-कोष्टकं जमली, पण संख्यापक (‘सर्व’, ‘काही’ दाखवणारी चिन्हं) सुरू झाले आणि गाडी अडली. चाचणीत ‘काही विद्यार्थी नापास झाले’ हे वाक्य चिन्हांत मांडताना मी बाण वापरला. सरांनी फुली मारली आणि म्हणाले, ‘सर्व’ला बाण, ‘काही’ला ‘आणि’, एवढं पाठ करा. पाठ केलं, पण असं का, ते कळत नाही. शिवाय एका वाक्यात दोन संख्यापक आले की माझा क्रम हमखास चुकतो.
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : तुझी फुली वाचून मला माझी आठवली. १९८१ साली मीही हीच चूक केली होती आणि पेपर हातात पडला त्या रात्री वसतिगृहात जेवायला गेले नव्हते. मलाही ‘पाठ करा’ असंच सांगितलं गेलं. तेव्हा आधी ते पाठ केलेलं विसर.

चिन्हांकडे वळण्यापूर्वी वाक्य मराठीतच मोडून बघ. ‘सर्व विद्यार्थी नापास झाले’ म्हणजे ‘जो जो विद्यार्थी, तो तो नापास’. आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, व्याप्ती (दोन गोष्टींचं न चुकणारं साहचर्य) सांगताना हेच करतात : जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. या जोडीत ‘जर–तर’ लपलेला आहे, आणि तोच तुझा बाण : ∀क्ष (वि क्ष → ना क्ष). इथे ∀ म्हणजे ‘प्रत्येक’, ‘वि क्ष’ म्हणजे क्ष विद्यार्थी आहे, ‘ना क्ष’ म्हणजे क्ष नापास आहे. ‘काही’चं असं ‘जो–तो’ करून बघ, होत नाही. तिथे म्हणावं लागतं, ‘असा एक तरी आहे, जो विद्यार्थी आहे आणि नापास आहे’ : ∃क्ष (वि क्ष ∧ ना क्ष). ∃ म्हणजे ‘असा एक तरी आहे’, ∧ म्हणजे ‘आणि’. (बोलताना ‘काही’ म्हणजे आपल्या मनात दोन-चार जण असतात. तर्कशास्त्राला एक पुरतो.)

आता तुझा बाण तिथे काय गोंधळ घालतो ते बघ. आपलं विश्व म्हणजे परीक्षेचा हॉल धर. त्यात विद्यार्थी आहेत, बाकं आहेत, पंखे आहेत, भिंतीवर एक घड्याळ आहे. समज, सगळी मुलं पास झाली. तरीही तू लिहिलेलं ∃क्ष (वि क्ष → ना क्ष) खरंच ठरतं! कारण क्षच्या जागी घड्याळ ठेव : ‘घड्याळ विद्यार्थी असेल, तर ते नापास आहे.’ घड्याळ विद्यार्थी नाहीच, म्हणजे पूर्वांग (‘जर’चा भाग) असत्य, आणि पूर्वांग असत्य असलं की अख्खं ‘जर–तर’ सत्य. कोष्टकात तूच ते भरलं आहेस. एका घड्याळाच्या जिवावर काही मुलं नापास ठरली. उलट ‘सर्व’ला ‘आणि’ लावलंस, तर बाकं, पंखे, घड्याळ सगळेच विद्यार्थी आणि सगळेच नापास.

याच बाणामुळे आणखी एक गंमत होते. हॉलमध्ये एकही विद्यार्थी नसला, तरी ‘सर्व विद्यार्थी नापास झाले’ हे सत्यच. ‘सर्व’ म्हटल्यावर कुणीतरी असणारच, ही आपली समजूत बाण पाळत नाही. पुढे ‘सर्व’वरून ‘काही’ काढायचा मोह होईल, तेव्हा हा रिकामा हॉल डोळ्यांपुढे आण.

क्रमासाठी मी वर्गात डबे सांगायची. ‘प्रत्येक डब्याला झाकण आहे’ : डबा आधी उचलला, मग त्याचं झाकण शोधलं. म्हणून ∀ आधी, ∃ नंतर. तेच उलट लिहिलंस, तर अर्थ होतो : ‘असं एक झाकण आहे, जे प्रत्येक डब्याला बसतं.’ हे खरं असतं, तर माझा निम्मा रविवार वाचला असता. (हल्ली सिलिकॉनचं ताणायचं झाकण मिळतं, त्याचं नाव काढू नकोस.) असं एकच झाकण असेल, तर प्रत्येक डब्याला झाकण आहे हे आलंच. पण प्रत्येकाला आपापलं आहे म्हणून सगळ्यांना मिळून एक आहे, असं म्हणता येत नाही. तुझी चूक इथेच होत असणार.

तुला हे जड जातं, यात नवल नाही. अॅरिस्टॉटलच्या संवाक्यात, म्हणजे दोन विधानांवरून तिसरं काढायच्या त्याच्या पद्धतीत, डबा आणि झाकण अशा दोघांना एका वाक्यात जागाच नव्हती. ती सोय पहिल्यांदा नीट केली येना विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या गोटलोब फ्रेगेनं, १८७९ साली. त्याच्याकडे उलटा ‘ए’ नव्हता. तो आडव्या रेघेला खळगा पाडून त्यात अक्षर बसवायचा. ∀ आलं १९३५मध्ये, गेंट्सेन या जर्मन तर्कशास्त्रज्ञाच्या लेखातून. तुमच्या पुस्तकात त्याऐवजी नुसता कंसातला क्ष असेल तर घाबरू नकोस, तो जुना रिवाज आहे.

आता एक गृहपाठ. ‘सगळ्या मुली आल्या नाहीत.’ हे वाक्य लग्नघरी म्हटलं, तर काही आल्या, काही राहिल्या. संपाच्या दिवशी शिपायानं म्हटलं, तर वर्ग रिकामा. नकाराचं चिन्ह एकदा ∀च्या आधी येईल, एकदा बाणाच्या पुढे. कुठलं कुठे, ते लिहून पाठव. फुली मारणार नाही.