गुडघेदुखी असलेल्या आईचं आंबट आणि वातूळ खाणं बंद करावं का? आहारात काय द्यावं?

बंद करू नका. आधी एवढं सांगते आणि मग गाऱ्हाणं सुरू करते, कारण या प्रश्नावरून आमच्या घरात सहा वर्षं धुसफूस चालू आहे.

आम्ही सांगलीचे. सासूबाईंचे गुडघे साठीनंतर कुरकुरायला लागले. त्या वर्षी गणपतीला वन्सं पुण्याहून आल्या, आई कठडा धरून आडवी आडवी जिना उतरतेय हे पाहिलं आणि सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "रोज चिंचगुळाची आमटी घालून तूच आईचे गुडघे घालवलेस." याच आमटीच्या त्या वीस वर्षं दोन-दोन वाट्या ओरपत होत्या, ते जाऊ द्या. कॅलेंडरच्या पानामागे यादी केली आणि फ्रिजवर लावली: चिंच, दही, ताक, टोमॅटो, वांगं, बटाटा, तूरडाळ, हरभरा, मटकी, वाल. शिवाय हुकूम, "आई, तू आता चालायचं नाहीस. गुडघ्यात गॅप पडलाय."

गॅपचं सांगूनच टाकते. हाडांच्या टोकांवर कूर्चा म्हणजे गुळगुळीत गादी असते. एक्स-रेत ती दिसत नाही, म्हणून धडधाकट गुडघ्यातही दोन हाडांमध्ये मोकळी जागा दिसते. कूर्चा झिजली की ती जागा कमी होते. म्हणजे गॅप पडत नाही, बुजतो. हे मी बोलले, तर "तू डॉक्टर कधी झालीस?"

आठ महिने मी मुकाट्यानं दुधी, दोडका, मुगाचं वरण रांधलं. चहा, खारी, बिस्किटं यादीत नव्हती, त्यामुळे ती जोरात चालू. वर दर महिन्याला पुण्याहून डिंकाच्या लाडवांचा डबा, "गुडघ्यात वंगण येतं" म्हणून. अहो, तूप पोटात जातं, तिथून कमरेवर. गुडघ्यात जायला त्याला वाट नाही. सासूबाईंचं वजन ७१ वरून ७६ किलोवर गेलं आणि मांड्या मात्र काटक्या झाल्या. संडासातून उठताना नळाचा आधार घ्यायच्या. एकदा नळच हातात आला.

ऑपरेशन करून गुडघ्याची वाटी बदलायची का, हे विचारायला गेलो, तर डॉक्टरांनी आधी फिजिओथेरपीला धाडलं. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा." जमेना. मग माझ्याकडे वळली, "कडधान्यं काय देता?" मी यादी म्हणून दाखवली. ती काही न बोलता नुसती बघत राहिली. खरं सांगते, मला तिथंच रडू आलं.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो, दाबला जातो, सुटतो, तेव्हा तिला सांध्यातल्या द्रवातून पोषण मिळतं. गुडघ्याचा बराच भार मांडीच्या स्नायूंनी झेलायचा, त्या स्नायूंना प्रथिनं हवीत, आणि शाकाहारी घरात ती डाळ-उसळ-दह्यातूनच येणार. आम्ही नेमकं तेच काढून घेतलं होतं आणि वर त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं होतं.

त्याच रात्री मटकी भिजत घातली. व्यायाम दोनच. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दहा आकडे होईतो दाबायची, आणि उंच खुर्चीतून उठबस, आधी पाच वेळा, मग दहा. पहिले पंधरा दिवस मी शिव्या खाल्ल्या. लाडू आणि बिस्किटं बंद. कमोड बसवला, कपडे धुवायला पाट गेला आणि स्टूल आलं. दीड वर्षात आठ किलो उतरले. एक किलो उतरला की दर पावलाला गुडघ्यावरचा चारेक किलोंचा भार हलका होतो, हिशोब तुम्हीच करा. एक्स-रे होता तसाच आहे, दुखणंही पुरतं गेलेलं नाही. पण देवळापर्यंत चालत जातात आणि वाटी अजून स्वतःचीच आहे. वन्संच्या मते हा गुण त्यांनी पाठवलेल्या तेलाचा.

तुम्ही आहाराचं विचारलं होतं. नाचणी द्या, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० लागतं, म्हणून दूध-दही, तीळही हवेत. पण कॅल्शियम हाडांसाठी. हाडं ठिसूळ होणं वेगळं, सांधा झिजणं वेगळं; नाचणीनं कूर्चा परत उगवत नाही. हळदीला मी सांगलीत राहून नावं ठेवणार नाही, आमटीत घाला.

आता हेही सांगायला हवं. एखादा पदार्थ खाल्ला की तुमच्या आईंना खरंच त्रास होत असेल, तर तेवढा टाळा. सकाळी सांधे अर्धा-पाऊण तास आखडलेले राहत असतील, बोटं सुजत असतील, तर हे झिजेचं दुखणं नसेल, आमवात असू शकतो. उसळीवर भागवू नका, रक्त तपासून घ्या. किडनीचा विकार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक असते. शेजारणीचं बघून रोज घेऊ नका. काठी द्यायची झाली तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात.

आणि पथ्याची यादी कुणी नातेवाइकानं केली असेल, तर त्याला महिनाभर ती स्वतः रांधायला सांगा. आमची अजून फ्रिजवर आहे. मी काढणार नाही, वन्संनीच काढायची.