घरी पेढा करताना साखर घातली की खवा सैल आणि चिकट होतो. कुंथलगिरीसारखा रवाळ पेढा घरी जमेल का?

जमेल. तुम्ही लिहिलंय की खव्याचा गोळा छान झाला होता, साखर पडली की सगळं पातळ झालं, मग परत आटवलं तर गार झाल्यावर दाताला चिकटायला लागलं. म्हणजे तुमचं दूध चांगलं, हातही चांगला. गडबड फक्त साखरेच्या वेळेची आहे.

खवा कितीही आटवा, त्यात थोडं पाणी राहतंच. कढई गॅसवर असताना साखर टाकली की ती त्या पाण्यात विरघळते आणि कढईत खवा उरत नाही, खवा आणि पाक होतो. मग आपण घाबरून तो पाक आटवत बसतो. पाक आटला की तार येते, आणि तार आलेल्या पाकाचा पेढा चिवटच होणार. म्हणून साखर गॅस बंद करून, खवा परातीत काढून, हाताला सोसेल इतका कोमट झाल्यावरच घालायची. तेव्हा ती पूर्ण विरघळत नाही, तिचा बारीक कण तसाच राहतो आणि खाताना रवाळ लागतं. बारीक दळलेली साखर वापरा, पण घरी मिक्सरवर दळलेली. विकतच्या पिठीसाखरेत कधी कधी स्टार्च असतो.

आता खव्याचं. म्हशीचं दूध घ्या. ते मिळत नसेल तर पिशवीतलं फुल क्रीम, ज्यात ६ टक्के फॅट असतं. टोन्ड दुधाच्या वाटेला जाऊ नका, त्यात ३ टक्केच फॅट, खवाही कमी पडतो आणि कोरडा होतो. म्हशीच्या एक लिटर दुधाचा साधारण २०० ग्रॅम खवा पडतो, गाईच्या दुधाचा त्याहून कमी. एकदम तीन-चार लिटर दूध घेऊ नका, घरच्या गॅसवर ते तासन् तास आटत बसतं आणि रंग लाल होतो. एका वेळी लिटरभर, पसरट आणि जाड बुडाची कढई, अर्धं होईपर्यंत मोठी आच. साय धरू द्यायची नाही, सारखं हलवायचं. कडेला जी साय चिकटते ती उलथण्यानं खरवडून परत दुधात ढकलायची. आमच्याकडं म्हणतात, खवा बघू नये, ऐकावा. आधी दूध खळखळतं, मग रबडीसारखं झालं की फद्-फद् असा जड आवाज यायला लागतो. तो आला की आच एकदम बारीक करा. यापुढं हात थांबला की खवा बुडाला लागलाच. वाफ कमी होते, गोळा कडा सोडतो आणि कढईच्या कडेला तुपाची चकाकी दिसते. लगेच उतरवा. लोखंडी कढई असेल तर चकाकी दिसायच्या जरा आधीच, कारण ती गॅस बंद झाल्यावरही खवा भाजत राहते.

दाणा आणखी हवा असेल तर दूध अर्ध्यावर आल्यावर पाव चमचा लिंबाचा रस चमचाभर पाण्यात मिसळून थेंब थेंब घाला. जास्त झाला तर कलाकंदाकडं जातं. मी बहुतेकदा लिंबू घालत नाही. खवा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते आणि सकाळी किसणीवर किसते. तो किस मंद आचेवर थोडा परतला की दाणा आपोआप सुटा होतो, रंगही जरा बदामी येतो.

२०० ग्रॅम खव्याला ५५ ते ६० ग्रॅम साखर पुष्कळ झाली. मिठाईच्या दुकानात यापेक्षा गोड करतात, कारण साखर खव्यापेक्षा स्वस्त. विलायची घाला, जायफळ चिमूटभर. केशर वगैरे घालायचं तर घाला, आमच्या भागात त्याची पद्धत नाही. तळव्याला तुपाचं बोट लावून दोन-तीन मिनिटं मळा आणि वळा. वळताना भेगा पडल्या तर चमचाभर कोमट दूध शिंपडायचं, तूप ओतायचं नाही.

आता कुंथलगिरी. भूम तालुक्यातलं हे जैन तीर्थक्षेत्र, धाराशिव जिल्ह्यात. इथल्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. भूम-वाशीच्या गावांत दुधाच्या जोडीनं खव्याच्या भट्ट्या आल्या. इकडं पाऊसपाण्याचा भरवसा नाही, त्यामुळं घरात म्हशी असल्या की रोजचा पैसा सुरू राहतो. सकाळचं ताजं दूध तसंच भट्टीवर जातं, मोठ्या आचेवर पटकन आटतं, आणि लाकडाच्या धुराचा एक पुसट वास त्यात उतरतो. तो वास घरी येणार नाही, बाकी चव येते. सोलापूर-बीड रस्त्यानं कधी निघालात तर सरमकुंडी फाट्यावर थांबून पेढा घ्या. एकदा तो दाणा जिभेला कळला की घरी कुठं थांबायचं ते लवकर समजतं.

विकतचा खवा आणून केला तर चालेल का, असंही विचारलंय. चालेल, पण सणाच्या आठवड्यात जपून. चिमूटभर खवा गरम पाण्यात कालवून पूर्ण गार होऊ द्या आणि टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर त्यात पीठ आहे, परत करा.

उन्हाळ्यात इकडं पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा पेढा बाहेर एक दिवसाच्या वर ठेवू नका. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, फक्त खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, नाहीतर गार पेढा कडक लागेल आणि तुम्हाला वाटेल पुन्हा बिघडला.