जमानत घेतली, आता पोरगं पेशीला येत नाही

प्रश्न : ताई, माझ्या साळ्याच्या पोरावर मारामारीची केस आहे, नागपूरच्याच कोर्टात. मागच्या वर्षी त्याची 25,000 ची जमानत मी घेतली, घरटॅक्सची पावती अन् आधार लावून. आता लागोपाठ दोन पेश्यांना तो आलाच नाही, फोन बंद, साळा म्हणतो रायपूरला कामावर गेला. मला जमानत काढून घ्यायची आहे. ओळखीचे दोघं तिघं म्हणतात गाडी करून जाऊ, उचलून आणू अन् कोर्टात उभा करू. असं जमते काय? माझं घर तर जाणार नाही ना?
- एक वाचक, नंदनवन

उत्तर : काका, पहिले ते गाडीचं डोक्यातून काढा. अमेरिकेत पैसे घेऊन जमानत देणारे धंदेवाले असतात, तिथल्या बऱ्याच राज्यांत त्यांना आरोपीला पकडून आणता येते, ते पाहून आपल्या लोकांना वाटते इथंही तसंच असेल. जामीनदार म्हणून इथं तुम्हाला कोणाला पकडायचा अधिकार नाही, अन् जबरदस्तीनं गाडीत टाकलं तर केस तुमच्यावरच होईल.

तुमच्या हातात आहे तो अर्ज. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 489, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे सीआरपीसीत, हेच 444 होतं. जामीनदार केव्हाही मॅजिस्ट्रेटकडे अर्ज देऊ शकतो की मला या बाँडमधून, म्हणजे जमानतीच्या लेखी हमीतून, मोकळं करा, कारण सिद्ध करत बसायची गरज नाही. अर्ज आला की कोर्ट पोराच्या नावानं वॉरंट काढते. पण इथंच लोक फसतात, अर्जावर शिक्का पडला म्हणजे सुटलो असं समजून घरी जातात. तो वॉरंटवर येईल किंवा स्वतः हजर होईल तेव्हाच तुमचा बाँड सुटतो, तोपर्यंत जबाबदारी तुमचीच. मग कोर्ट त्याला दुसरा जामीनदार आण म्हणते, नाही आणला तर जेलमध्ये पाठवू शकते.

म्हणून मला मनापासून वाटते की साळ्याला घरी बोलवा, शांतपणे सांगा की पोराला परत आणा अन् वकिलासोबत स्वतःहून हजर करा. त्याच दिवशी त्याचा वॉरंट रद्द करायचा अर्ज, तुमचा अर्ज अन् नवा जामीनदार, तिन्ही सोबत ठेवा. जामीनदार मिळतच नसेल तर कोर्टाच्या परवानगीनं रोख रक्कम भरायचीही सोय कायद्यात आहे. पोलीस रायपूरहून धरून आणतील त्यापेक्षा हे पोरासाठीच बरं, कारण जमानतीवर सुटून मुद्दाम हजर न राहणं हा वेगळा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

आता घराचं. दोन पेश्या गेल्या म्हणता, म्हणून आजच ई-कोर्ट्स ॲपवर केसचा सीएनआर नंबर टाकून पहा किंवा वकिलाला रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं ते लिहिलेलं, पाहायला सांगा, बाँड जप्त झाल्याची नोंद आहे काय. झाली असेल तर नुसत्या 489 च्या अर्जानं भागत नाही. कोर्ट तुम्हाला नोटीस देईल, रक्कम भरा नाहीतर का भरू नये ते सांगा. ती नोटीस टीव्हीवर ठेवून विसरू नका हो काका, तारखेला जा, अन् पोराला शोधायला काय काय केलं ते लेखी द्या, साळ्याला पाठवलेले मेसेज, रायपूरला गेले असाल तर तिकीट. कोर्टाला दंडाची रक्कम कमी करता येते. जबाबदारी बाँडच्या रकमेपुरती, म्हणजे 25,000, अख्खं घर नाही. पण गप्प बसलात अन् रक्कम वसूल झालीच नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. आदेश पटला नाही तर अपील सेशन्स कोर्टात.

वकिलाची फी परवडत नसेल तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, किंवा 15100 वर फोन लावा. जाताना बाँडची झेरॉक्स अन् टॅक्सची ती पावती सोबत न्या.