कसोटीच्या आधी संगती

प्रिय विद्यार्थिमित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या सिद्धता काळजीपूर्वक वाचल्या. त्रिकोणांच्या एकरूपतेच्या, म्हणजे ते एकमेकांशी तंतोतंत जुळण्याच्या, सर्व कसोट्या तुला पाठ आहेत, त्यामुळे त्यांविषयी वेगळे सांगत नाही. माझा आग्रह त्याआधीच्या पायरीचा आहे. कोणत्या शिरोबिंदूची जोडी कोणत्या शिरोबिंदूशी लावायची, ही एकास एक संगती निश्चित केल्याशिवाय कसोटीचे नाव लिहू नये, कारण पुढे मिळणारे संगत कोन आणि संगत बाजू त्या संगतीतूनच येतात.

समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतचे कोन समान असतात, हे सिद्ध करण्यासाठी प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने दोन्ही समान बाजू वाढवून बरीच रचना केली. पुढे अलेक्झांड्रियाच्या पॅपस या गणितज्ञाने एकही नवी रेषा न काढता तेच साधले. त्रिकोण अबक मध्ये बाजू अब आणि बाजू अक समान आहेत असे समज आणि या त्रिकोणाची तुलना त्रिकोण अकब शी, म्हणजे त्याच्याच उलट क्रमाशी कर. अब आणि अक समान, अक आणि अब समान, त्यांनी समाविष्ट केलेला कोन अ सामाईक; म्हणून बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने कोन ब आणि कोन क समान. येथे आकृती एकच आहे, सारे काम संगतीने केले आहे. मला तरी शालेय भूमितीत याहून सुंदर सिद्धता माहीत नाही.

दुसऱ्या उदाहरणात तू बाकोबा लिहिले आहेस, पण घेतलेला कोन त्या दोन बाजूंमधला नाही. असे का चालत नाही, हे कंपास घेऊनच पाहा. कोन अ 30 अंशांचा काढ, एका भुजेवर अब 8 सेमी घे आणि ब केंद्र धरून 5 सेमी त्रिज्येचा कंस काढ. तो दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदेल; अक एकदा सुमारे 3.9 सेमी, तर एकदा सुमारे 9.9 सेमी येईल. माहिती तीच असूनही त्रिकोण दोन मिळाले. कोन अ काटकोन असता आणि त्रिज्या अब पेक्षा मोठी घेतली असती, तर बक हा कर्ण झाला असता आणि कंसाने त्या भुजेला एकाच ठिकाणी छेदले असते. कर्णभुजा कसोटी, म्हणजे कर्ण आणि एक भुजा समान असलेले काटकोन त्रिकोण एकरूप असतात हा नियम, याच कारणाने खरी ठरते.

तेवढे दुसरे उदाहरण पुन्हा लिही, आणि प्रत्येक विधानापुढे ते पक्षातून (दिलेल्या माहितीतून) आले, सामाईक बाजूमुळे आले की विरुद्ध कोनांमुळे, याचे कारण नोंदवून मला पाठव. आकृतीत समान दिसते, एवढे कारण मी स्वीकारणार नाही.

तुझा शुभचिंतक