वाचकांचे प्रश्न : प्रतिपालक कुटुंबातला विद्यार्थी

प्रश्न : आमच्या शाळेत सहावीत आलेल्या एका मुलाला बालकल्याण समितीने प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे तात्पुरत्या सांभाळासाठी दुसऱ्या कुटुंबात, ठेवलं आहे. तो डब्यातली पोळी दप्तरात लपवतो, सोमवारी हमखास भांडतो. सर्व शिक्षकांना त्याची परिस्थिती सांगावी का? – एक शालेय समुपदेशक

उत्तर : सर्वांना मुळीच नको. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका एवढ्यांनाच सांगा, तेही कामापुरतं. बाकीच्यांना ‘याला वर्गासमोर घरच्यांबद्दल विचारू नका’ इतकंच पुरे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करता येत नाही. सहलीचे फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकणाऱ्यांना हे आधीच बजावा. समितीच्या आदेशाची प्रत बंद फाइलमध्ये ठेवा. प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक नव्हे, त्यामुळे जनरल रजिस्टरमध्ये वडिलांच्या रकान्यात प्रतिपालकांचं नाव घालू नका. पुढे दाखल्यावर घोळ होतो.

पोळी लपवणं ही चोरी नाही. पुढचं जेवण मिळेलच याची खात्री ज्याला कधी नव्हती, ते मूल असं साठवतं. दप्तराची वर्गात झडती घेतलीत तर ते आणखी पक्कं लपवेल. बिस्किटांचा पुडा तुमच्या कपाटात ठेवा, ‘हवा तेव्हा माग’ म्हणा, आणि शुक्रवारी दप्तर त्याच्यासोबत एकांतात आवरा.

सोमवारचं कारण बहुधा शनिवार-रविवारी सापडेल. त्या दिवशी जन्मदात्यांची भेट होते का, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या सामाजिक कार्यकर्त्याला विचारा. होत असेल तर सोमवारी पहिल्या तासाआधी दहा मिनिटं त्याच्यासाठी राखा. भेटीबद्दल खोदून विचारू नका. चित्र काढू दे, गप्प बसू दे. वेळ मात्र चुकवायची नाही, कारण मोठ्यांनी न पाळलेले शब्द त्याने पुष्कळ पाहिलेले असतात. भांडणाच्या तारखा लिहून कार्यकर्त्याला द्या. भेटी थांबवाव्यात का, हे समिती ठरवेल, शाळा नव्हे.

‘माझे कुटुंब’ हा निबंध आला की ‘मला आवडणारी व्यक्ती’ हा पर्याय सगळ्या वर्गाला द्या, एकट्याला नको. शाळा बदलल्याने अपूर्णांक, वाचन कच्चं राहिलेलं असतं. चाचणी घेऊन तेवढंच भरून काढा, इयत्ता मागे नेऊ नका.

‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नका. लैंगिक अत्याचाराचं काही बोलला तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मारहाण, उपासमार असेल तर १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन करा.