टीन कोर्टात मुलं खरंच निवाडा करतात का?

तुमचा अमेरिकेतला भाचा टीन कोर्टात, म्हणजे किरकोळ गुन्हा केलेल्या मुलांसाठी त्यांच्याच वयाच्या मुलांनी चालवलेल्या कोर्टात, स्वयंसेवक होणार आहे आणि तुम्ही विचारताय की तिथे शाळकरी मुलं खरंच निवाडा करतात की ते नुसतं नाटक असतं. बाबांच्या नोकरीमुळे मी नववी ते बारावी मेरीलँडमध्ये होते. तिथे शाळा संपवायला ७५ तास सेवाकार्य सक्तीचं असतं. खोटं कशाला बोलू, मीही तास भरायलाच गेले होते.

नाटक नाही ते. पण गुन्हा झाला की नाही, हे मुलं ठरवत नाहीत. बहुतेक ठिकाणी चूक आधीच कबूल केलेली असते, मुलांची ज्युरी फक्त शिक्षा ठरवते. दुकानातली किरकोळ चोरी, भिंतीवर स्प्रे मारणं, शाळेतली मारामारी असली प्रकरणं. शिक्षा म्हणजे समाजसेवेचे तास, माफीचं पत्र, आणि पुढच्या एखाद्या खटल्यात स्वतः ज्युरीत बसणं.

तिथे वकीलही मुलंच होतात. वकिली मला सोपी गेली, वक्तृत्वाच्या ढाली उगाच नव्हत्या घरात! घाम फुटायचा तो ज्युरीच्या खोलीत. मुलं मोठ्यांपेक्षा कडक असतात. एकदा (तपशील बदलून सांगते, गुप्ततेची शपथ असते) इअरफोन चोरलेल्या मुलीला जास्तीत जास्त तास द्या म्हणून आमचा एक हुशार गडी अडून बसला. तेव्हा स्वतःची शिक्षा म्हणून ज्युरीत आलेल्या मुलाने विचारलं, "तिला तिथे सोडणार कोण? घरी गाडी आहे का?" आम्हा बाकीच्यांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. तास निम्म्यावर आले.

आणि तीच मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत समोर येते. ओळख दाखवायची नाही. घरी आईने खोदून विचारलं तरी गप्प.

उपयोग होतो का? अर्बन इन्स्टिट्यूट या अमेरिकन संशोधन संस्थेने २००२ मध्ये चार राज्यांचा अभ्यास मांडला. अलास्कात टीन कोर्टातली ६ टक्के मुलं सहा महिन्यांत पुन्हा सापडली, नेहमीच्या पद्धतीतली २३ टक्के. आमच्या मेरीलँडमध्ये मात्र ८ विरुद्ध ४, म्हणजे उलटंच! अर्थात तिथली तुलना पोलिसांच्याच एका चांगल्या सुधार कार्यक्रमाशी होती आणि फरकही फार मोठा नव्हता.

आपल्याकडे बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक बसतात, समवयस्क कोणी नसतं.

भाच्याला जाऊ द्या. फक्त पहिले काही महिने वकिली नको, ज्युरीतच बस म्हणावं.