वीस वर्षांपूर्वी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’च्या कॅसेट टाकवत नाहीत. घरचे म्हणतात सगळं ऑनलाइन आहे. हा वेडेपणा आहे का?

असला तर असू दे. आधी कॅसेट वाचवा, वेडेपणाचं नंतर बघू.

‘भंगारात घाल की, मोबाइलवर सगळं मिळतंय’ हे आमचे दाजीही दर दिवाळीच्या साफसफाईला म्हणतात. मोबाइलवर मिळतात ते नुसते भाग. तुमच्या कॅसेटवर २००१ ते २००५ मधली अल्फा मराठी लावलेली कोल्हापूरची संध्याकाळ आहे. मधल्या जाहिराती आहेत, आणि लोकल केबलवाला खाली पट्टी सोडत असेल तर महाद्वार रोडवरचा साड्यांचा सेल आणि ‘उद्या पाणी येणार नाही’सुद्धा आहे. ती पट्टी कुणी जपून ठेवलेली नाही. म्हणून दुकानात कॅसेटची कॉम्प्युटर फाइल करायला दिलंत तर ‘जाहिराती कापू नका’ असं लिहून द्या. न विचारता कापतात, वर ‘स्वच्छ करून दिलं’ म्हणतात.

आता कामाचं. आपल्याकडचा पाऊस म्हणजे टेपला बुरशी ठरलेली. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी-करडी भुकटी दिसली तर ती कॅसेट अजिबात लावू नका. भुकटी हेडवर (व्हीसीआरमधल्या टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. स्वच्छ दिसणाऱ्या कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवा. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे पळवा, वर्षानुवर्षं एकाच ताणावर बसलेली टेप मोकळी होते. मागच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी टॅब मोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही.

व्हीसीआर (कॅसेट लावायचं यंत्र) जुनाच शोधावा लागेल, कारण जगातल्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये बनवणं थांबवलं. घेताना कॅसेट लावून, पुढे-मागे पळवून बघा. पळवताना धापा टाकत असेल तर बहुतेक बेल्ट सैल झालाय, तो बदलता येतो. टेप चावत असेल तर रबरी रोलर कडक झालाय, तो सौदा सोडा. हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय (मऊ) चामडं. चामडं स्थिर धरायचं आणि ड्रम (हेड बसवलेला गोल डबा) हाताने फिरवायचा. वर-खाली घासलं की हेड तुटलंच. कापूस तर नकोच, धागे अडकतात.

चित्र कॉम्प्युटरवर घ्यायला यूएसबी कॅप्चर (व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडणारी डबी) पुरतं, पण सेटिंग पॅल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीचं, हवं. एनटीएससी, म्हणजे अमेरिकेचं, राहिलं तर चित्र काळं-पांढरं होतं किंवा वर-खाली पळतं. आकार ७२० बाय ५७६. ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर ते मुळात सेकंदाला ३० फ्रेमवर असतं. ते ५० करा आणि डीइंटरलेसिंगला (जुन्या टीव्हीच्या एकाआड एक रेघा जुळवायच्या सेटिंगला) ‘याडिफ २एक्स’ निवडा, नाहीतर हात हलला की कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. मोनो व्हीसीआर असेल तर आवाज एकाच कानात येतो, तो नंतर दोन्हीकडे करता येतो. रेकॉर्डिंगचा दर्जा (बिटरेट) ८ एमबीपीएस ठेवला तर तासाला साधारण ३.६ जीबी जागा लागते. तीन तासांच्या कॅसेटला ११ जीबी धरा.

आणि चित्र ताणू नका! आमच्या दाजींना मोठ्या टीव्हीच्या कडेला काळ्या पट्ट्या चालत नाहीत, म्हणून ते सगळं ओढून भरतात. टिपरेंचा विनोद वाक्यात कमी आणि थांबण्यात, बघण्यात जास्त. मालिका सुरू झाली तेव्हा दिलीप प्रभावळकर साठीच्या आतले होते. आबांचं, म्हणजे म्हाताऱ्या टिपरेंचं, वय त्यांनी मानेतून, खांद्यातून, आवाजाच्या कापातून उभं केलंय. तोच माणूस आडवा ताणून भाकरीसारखा थापला तर उरलं काय? जुन्या टीव्हीचा आकार ४:३ म्हणजे ४:३. पट्ट्या राहू द्या. दाजी, वाचत असाल तर हे तुम्हालाच.

वेडेपणाचं म्हणाल तर, जे घरातले चौघे तेव्हा एकत्र बसून हसायचे, त्यांच्यातले किती आज एका खोलीत बसतात, याचा हिशेब घरच्यांना करायला सांगा. मला याहून जास्त त्यावर बोलायचं नाही.

एक राहिलंच. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात भिजलेल्या कॅसेट असतील तर वरचं काही करू नका. उन्हातही टाकू नका, टेप वाकडी होते. आत गाळ असतो, कॅसेट उघडून टेप धुणाऱ्या जाणकाराकडेच द्या. त्यातही सगळं येईलच असं नाही. आणि फाइल झाली की दोन ठिकाणी ठेवा, पण अख्खे भाग यूट्यूबवर चढवू नका. हक्क वाहिनीचे आहेत. केबलची पट्टी मात्र फोटो काढून मला जरूर पाठवा.